शेपटीवरचा एक्केचाळीस

१० फेब्रुवारी १९७१

सेत्सुओ भाऊजी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही ते न फोडताच चुलीत घालाल, म्हणून पत्ता पोस्टातल्या मुलीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. मला काही मागायचं नाही. एक प्रश्न विचारायचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाकडे नाही.

तुमचे दादा गेले, हे तिकडच्या आपल्या लोकांकडून तुम्हाला कळलं असेलच. आता चार वर्षं होतील. पोटातलं दुखणं होतं. शेवटपर्यंत स्टुडिओत बसत होते. आता मी बसते. शाळेतल्या वर्गांचे फोटो, लग्नं, आणि म्हातारी माणसं आपल्या अंत्यविधीसाठी आधीच काढून ठेवतात ते फोटो. ज्वालामुखी धुमसला की दर्शनी काचेवर राख बसते. ती पुसते. तुम्ही फोडून गेलात ती काच दादांनी त्याच आठवड्यात बदलली होती. तुमचा तो उड्डाणाआधीचा फोटो मात्र त्यांनी पुन्हा काचेत लावला नाही. मेलेल्या वैमानिकांच्या फोटोंच्या रांगेत आपल्याला का बसवलं, असं तुम्ही ओरडला होतात. ते म्हणायचे, "अगं, तो सगळ्यांत चांगला आला होता, म्हणून लावला होता." एवढंच. यापुढे त्यांना बोलता येत नसे.

तर मुद्द्याचं. युद्धाच्या शेवटी इथल्या तळावरून शत्रूच्या बोटींवर विमान आदळून मरायला गेलेल्या त्या मुलांच्या फोटोंसाठी गावात एक दालन बांधताहेत, ते मे महिन्यात उघडायचं आहे. त्याची बातमी कुठल्याशा परदेशी मासिकात आली. ती वाचून अमेरिकेतून हॅस्किन्स नावाच्या एका माणसानं नगरपालिकेकडे एक फोटो पाठवला. युद्धात तो ओकिनावाजवळच्या एका लहान बोटीवर होता, आणि बोटीवरचा कॅमेरा त्याच्याकडे होता. फोटोची मोठी प्रत काढायला नगरपालिकेनं तो माझ्याकडे दिला. सोबतचं पत्रही दिलं, कारण इंग्रजी शब्दकोश घेऊन बसणारी वेडी बाई गावात मी एकटीच.

भाऊजी, इतकी वर्षं मी त्या मुलांचे चेहरे पाहिले. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं त्यांच्या पुटकुळ्या झाकायचं काम माझंच होतं ना! विमानात बसेपर्यंतचं सगळं मला माहीत होतं. कुणाची कॉलर मळकी होती, कोण हसताना दात लपवायचा, सगळं. त्यानंतरचं काही माहीत नव्हतं. हा फोटो त्यानंतरचा आहे.

विमान उजवीकडून खाली येतंय. एका पंखाला आग लागली आहे, तरी नाक सरळ आहे. खाली बोटीचा कठडा आणि तीन खलाशी. एकाचं तोंड उघडं आहे. तोफेपाशी जो आहे तो जागचा हललेला नाही. आणि ज्यानं फोटो काढला तोही हललेला नाही, कारण त्याचा हात जरा कापला असता तरी चित्र पुसट आलं असतं. ते तसं आलेलं नाही. मी ते भिंगाखाली ठेवलं. मारायला येणारा आणि मरणाकडे बघत उभा राहिलेला, दोघंही वीस-बावीस वर्षांचे. दोघांनाही मनातल्या मनात वाकून नमस्कार केला. कुणाला आवडो न आवडो.

हॅस्किन्स लिहितो, की विमान बोटीच्या अगदी जवळ पाण्यात पडलं. दोन खलाशी भाजले, पण वाचले. मेलं कुणी नाही. पुढे त्यानं लिहिलंय, "तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आता मला नातवंडं आहेत. तो किती वर्षांचा होता, एवढंच मला सांगाल का?"

विमानाच्या शेपटीवरचा आकडा भिंगातून स्वच्छ दिसतो. एक्केचाळीस.

एक्केचाळीस तुमचा होता. त्या शेपटीवर हात ठेवून तुम्ही उभे आहात, असा फोटो दादांनी काढला आहे. तो आत्ता माझ्यासमोर आहे. आणि तुम्ही तर ब्राझीलमध्ये पर्सिमनची झाडं वाढवताय. मग त्या दिवशी तुमच्या विमानात कोण बसलं होतं?

उगाच विचारत नाही. ओनोदेराची आई तुम्हाला आठवत असेल. तुमच्या तुकडीतला तो उंच, उत्तरेकडचा, मास्तरकीचं शिकत असलेला मिनोरु ओनोदेरा. त्याची आई. मिनोरु मला म्हणाला होता, "वहिनी, बाकी काय हवं ते खोडा, पण हनुवटीवरची खूण ठेवा. नाहीतर आई म्हणेल, हा कुणाचा पोरगा पाठवलाय!" मी ती ठेवली. ती बाई दर एप्रिलमध्ये अकिताहून इतक्या लांब माझ्याकडे येते. सरकारनं मुलगा गेल्याचा कागद पाठवला, अस्थींच्या पेटीत हाडांऐवजी एक दगड घालून पाठवला. तिनं दोन्ही ठेवून घेतलं आणि मानलं एकही नाही. "त्याला पडताना कुणी पाहिलंय का?" असं विचारते. आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

म्हणून ती त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावत नाही. परगावी गेलेल्या माणसासाठी मांडतात ते ताट मांडते. भात, मिसोचं सार, लोणचं. थोड्या वेळानं वाटीचं झाकण उचलून आतून बघते. झाकणाला पाण्याचे थेंब असले की माणूस सुखरूप. सार गरम असतं, थेंब असणारच. हे तिलाही कळतं. ती मूर्ख नाही, भाऊजी. मी पाहिलेल्या बायकांमधली ती सगळ्यांत शहाणी आहे.

आता कळलं ना, मला का हवंय? या विमानात तो असेल, तर ते तिला सांगायला हवं. पण मी चुकून दुसऱ्याच्याच मरणावर त्याचं नाव घातलं, आणि तिनं ते ताट उचललं, तर? ते पाप मला पेलणार नाही. एप्रिलच्या आत मला उत्तर हवंय.

तुमची वहिनी
सुएनो


९ मार्च १९७१

सेत्सुओ भाऊजी,

उत्तर नाही. पत्र मिळालंच नसेल, असं मी मनाला सांगते. पण तुम्ही ते मिळूनही गप्प बसाल, हेही मला ठाऊक आहे. तुमचे दादाही असेच होते. दोघा भावांना मिळून एक जीभ दिली होती, आणि ती कुठे ठेवली ते दोघंही विसरले.

काल नागायोशी आले होते. पूर्वीचे पोस्टमास्तर. आता दालनाच्या समितीचे अध्यक्ष आहेत. बूट न काढताच आत शिरले, मग आठवण झाली तसे परत जाऊन काढून आले.

"वहिनी, प्रत कुठवर आली?"

"वाळतेय."

"दारासमोरच लावायची आहे. माणूस आत आला की ऊर भरून यायला पाहिजे. तेवढं जरा... आग वाढवा."

"काय वाढवू?"

"आग हो. आणि विमान थोडं बोटीच्या जवळ सरकवता येईल का? तुम्ही तर सुरकुत्या घालवता, नवरीचं नाक सरळ करता."

"नवरी पैसे देऊन नाक सरळ करून घेते, मास्तर. या मुलानं मला काही सांगितलेलं नाही."

"अहो, पाण्यात पडला असं लिहायचं का आपण? लोक काय म्हणतील? एवढं करून शेवटी पाण्यात?"

तेव्हा मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही त्या वर्षी पोस्टात शिक्के मारत होतात. त्यानं जे केलं त्यात तुम्ही आता भर घालायची, आणि तीही माझ्या पेन्सिलीनं?"

ते लाल झाले. मग चहा मागितला. माणूस वाईट नाही. त्यांचा धाकटा भाऊ फिलिपिन्समध्ये गेला, त्याचा एकही फोटो घरात नाही. म्हणून दुसऱ्यांचे फोटो मोठे करत फिरतात. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "एक्केचाळीस म्हणजे सेत्सुओचं ना? आकडा चुकीचा रंगवला असेल. आपण 'अज्ञात वीर' असं लिहू."

मी चहाचे पेले उचलले. पण तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. त्याला आई आहे, त्याच्या हनुवटीवर खूण आहे, आणि तो अज्ञात!

भाऊजी, माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं दादांच्या मासिकांतून आणि फिरत्या वाचनालयातून शिकले. गिऱ्हाईक नसलं की वाचत बसते. युद्धावरही पुष्कळ वाचलं. काहींनी त्या मुलांना देव केलं, काहींनी फसवलेली मेंढरं. दोघांनीही त्यांचे चेहरे इतक्या जवळून पाहिलेले नसावेत, असं मला वाटतं. मी पाहिले. फोटोसाठी स्टुलावर बसली की आधी एकमेकांची चेष्टा करायची. "अरे, श्वास घे, फोटो आहे, इंजेक्शन नाही!" मग टोपी नीट करायची. मग डोळे असे व्हायचे, की मी पेन्सिल खाली ठेवायची. भीती होती त्यांत. भीती असूनही ती मुलं ताठ बसायची. पाठवणाऱ्यांना मी कधी क्षमा केली नाही, करणारही नाही. पण जे बसले होते त्यांच्याविषयीचा माझा आदर या सगळ्या वर्षांत एका केसानंही कमी झालेला नाही.

त्यांत तुम्हीही बसला होतात. तुम्ही परत आलात म्हणून तुमचे डोळे काही निराळे होत नाहीत.

लिहा.

सुएनो


३ एप्रिल १९७१

सेत्सुओ भाऊजी,

पत्र मिळालं. ते दुकान बंद करून वाचलं. दादांच्या फोटोपुढे मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकायचा त्यांचा हक्क होता.

आता तुम्ही लिहिलंत तेच मी माझ्या शब्दांत परत लिहिते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्ही सांगाल. त्या सकाळी मिनोरु तुमच्या विमानापाशी आला आणि म्हणाला, "माझं इंजिन खोकतंय. तुझं मला दे, माझं तू घे." तो तुमच्याहून मोठा, हुद्द्यानंही वरचा. तुम्ही नको म्हणाला नाहीत. तो एक्केचाळीसमध्ये बसला, तुम्ही त्याच्या विमानात. काइमोन डोंगर मागे पडून थोडा वेळ होतो न होतो, तोच तुमच्या समोरच्या काचेवर तेल उडायला लागलं. पुढचं दिसेना. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन हातानं खूण केली. त्यानं 'परत जा' अशी खूण केली, आणि मग टोपीला हात लावला. तुम्ही वळलात. दुसरं विमान मिळायच्या आत युद्ध संपलं.

आणि तुम्ही लिहिता, "वहिनी, ते मरण माझ्या नावचं होतं. मी ते त्याला नेऊ दिलं आणि त्याच्या आईच्या हातचं लोणचं खाल्लं."

हो, खाल्लंत. ती पहिल्यांदा आली त्या एप्रिलला तुम्ही ते खाल्लंत आणि मागच्या दाराला जाऊन ओकलात. मला वाटलं, लोणच्यातला धुरी दिलेला मुळा तुम्हाला सोसला नाही. पुढच्या प्रत्येक एप्रिलला तुम्ही काही ना काही काम काढून गावाबाहेर जायचात. आणि मग ब्राझील. आम्हाला वाटत होतं, तुम्ही फोटोवरून रागावून गेलात.

मी तुमचं सांत्वन करणार नाही. मला ते जमत नाही. पण फोटोच्या धंद्यातली बाई म्हणून एक विचारते. मिनोरुनं ते विमान कित्येक दिवस चालवलं होतं. त्याचं इंजिन किती खोकतं आणि ते कुठपर्यंत जाईल, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? जे विमान पोचणार नाही, ते त्यानं तुम्हाला दिलं. त्याला पोचायचंच होतं म्हणून दिलं, की तुम्ही पोचू नये म्हणून? मी दोन रात्री त्याच्या फोटोकडे बघते आहे. मला दोन्ही दिसतं. दोन्ही एकाच चेहऱ्यावर राहू शकतं, हे मी पुष्कळांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

त्याची आई पुढच्या आठवड्यात येते आहे. तुम्ही लिहिलंय, "तिला सगळं सांगा. माझं नाव झाकू नका." तसंच करीन.

आणि हॅस्किन्सला मी कळवलं. बावीस वर्षांचा होता म्हणून.

सुएनो


१६ एप्रिल १९७१

सेत्सुओ भाऊजी,

सांगितलं.

आधी मी ठरवलं होतं, की ती आली की एक दिवस विश्रांती घेऊ द्यायची, मग हळूच विषय काढायचा. पण तिनं पाठीवरचं गाठोडं उतरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "काय झालंय? चेहरा असा तांदळाच्या पेजेसारखा का?" मग मी फोटो आणून तिच्यापुढे ठेवला. चष्मा दिला, भिंग दिलं, आणि सगळं सांगितलं. तुम्ही लिहिलं तसंच, काही न गाळता.

तिनं फोटो गुडघ्यांवर घेतला. बोट विमानापर्यंत नेलं, पण टेकवलं नाही.

"यात तो दिसतो का?"

"नाही, आई. विमान फार लहान आलंय. आकडा तेवढा दिसतो."

"पण आहे."

"हो. आहे."

तिनं भिंग पुन्हा आकड्यावर धरलं. नेमके तेव्हाच नागायोशी आले. ती आल्याचं त्यांना कळलं होतं. दारातूनच वाकून म्हणाले, "आई, आपल्या वीरपुत्राच्या महान..."

"मास्तर," ती म्हणाली, "बसा आणि गप्प बसा." ते बसले.

मग तिनं मला विचारलं, "बोटीवरचे किती गेले?"

"कुणी नाही. दोघं भाजले होते, ते बरे झाले."

"नक्की?"

"ज्यानं फोटो काढला त्यानंच लिहिलंय."

तिनं श्वास सोडला. म्हणाली, "म्हणजे तिकडे कुणाच्या आईनं माझ्या पोराला शिव्या दिलेल्या नाहीत." आणि मग नागायोशींकडे वळून म्हणाली, "हे त्याखाली लिहा. नाव लिहा, गाव लिहा, आणि बोटीवर कुणी दगावलं नाही, तेही लिहा."

"पण आई," नागायोशी चाचरले, "तो तर बोट बुडवायलाच..."

"गेला होता. घाबरला नाही, वळला नाही, आग लागली तरी सरळ गेला. ते चित्रातच दिसतंय, ते तुम्हाला लिहावं लागणार नाही. जे दिसत नाही ते लिहा."

नागायोशींनी वही काढली आणि लिहून घेतलं. लिहिताना त्यांचं नाक वाहत होतं. ते गेल्यावर ती माझ्याशी तुमच्याबद्दल बोलली.

"म्हणजे दुसऱ्याचं विमान घेऊन गेला?"

"हो. मागून घेतलं."

"मागून!" तिला एकदम हसू आलं. "त्याचं मागणं मला माहीत आहे. तोंडानं मागायचा तोवर हातात घेतलेलं असायचं. थोरल्या भावाच्या बर्फावरून घसरायच्या पट्ट्या अशाच नेल्या आणि स्वतःच्या मोडक्या त्याच्यासाठी दारात ठेवून गेला. थोरला दिवसभर घरात बसून रडला. त्या दिवशी डोंगरावर बर्फ कोसळलं होतं. हा संध्याकाळी ओला होऊन आला आणि म्हणाला, बरं झालं ना दादा आला नाही ते! कळून केलं की न कळून, देवालाही सांगता आलं नसतं." हसता हसता ती रडायला लागली. मी पाहिलेलं तिचं हे पहिलं रडणं. "कार्ट्या," ती फोटोला म्हणाली, "मेल्या, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये म्हणून किती वेळा मारलं होतं तुला!" असं किती तरी वेळ बोलत होती. मी उठून चूल पेटवली, कारण मला तिथे बसवेना.

जेवण झाल्यावर मी सवयीनं त्याच्यासाठी ताट काढलं. तिनं माझा हात धरला. "नको," म्हणाली. "उदबत्ती आहे का घरात?"

मी दिली. तिनं ती लावली, हात जोडले आणि त्याला नीट निरोप दिला. तिचे हात स्थिर होते. मी तिच्या मागे बसले होते. आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली, भाऊजी. बहुतेकांचे फोटो माझ्याकडे आहेत. त्या पाठीचा मात्र फोटो काढायचं धाडस मला झालं नाही.

काल सकाळी आम्ही दोघी अंगणातली राख झाडत होतो. मध्येच तिनं झाडू थांबवला. मला वाटलं, दमली. पण ती काहीतरी मनात जुळवत होती.

"सुएनो," ती म्हणाली, "हा तुझा दीर परत आला तेव्हा कुठल्या विमानातून आला?"

"मिनोरुच्या."

"म्हणजे मिनोरुचं विमान परत आलं होतं."

"हो, आई."

"आणि रिकामं नव्हतं."

"नव्हतं."

तिनं झाडू भिंतीला टेकवला. "इतकी वर्षं मी त्या विमानाची वाट बघत होते. ते आलेलं होतं, आणि मला कुणी सांगितलं नाही. त्यात कोण होतं ते मला बघायचंय. त्याला लिही."

म्हणून लिहिते आहे. तिला माफी वगैरे काही नको आहे, तुमची कहाणीही नको आहे. ती फक्त बघायचं म्हणते. मी म्हटलं, ब्राझील लांब आहे, तो येईलच असं नाही, यायला महिने लागतील. ती म्हणाली, "मला वाट बघायची सवय आहे," आणि आत जाऊन गाठोड्यातले तांदूळ माझ्या डब्यात ओतले. अकिताला थोरल्या मुलाला कळवलंय, की आपण इतक्यात येत नाही. मागची खोली तिला दिली आहे.

पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

सुएनो